रंगेल जॉन विल्क्स आणि मतदाराचा हक्क



व्याख्यानमालेत थोर पुरुषांची चरित्रे सांगण्याची आपली जुनी पद्धत आहे. वक्त्याने एखाद्या साधुपुरुषाचे किंवा देशभक्ताचे चरित्र सांगावे, श्रोत्यांनी त्यातून बोध घ्यावा आणि प्रसन्न मनाने घरी जावे. आज ही पद्धत मी थोडी मोडणार आहे. ज्याचे चरित्र मी सांगणार आहे तो कर्जबाजारी होता, बाहेरख्याली होता, मद्यपी मित्रांच्या मैफलीत रात्री घालविणारा होता. आणि पत्नीशी तो कसा वागला हे ऐकल्यावर आपल्यापैकी कित्येक जण त्याला घराचा उंबरठाही ओलांडू देणार नाहीत. असे असूनही आपण आपला प्रतिनिधी निवडतो आणि तो निवडून आला म्हणजे कोणा मंत्र्याला तो आवडो वा न आवडो, त्याची जागा त्यालाच मिळते, या साध्या गोष्टीसाठी जे झगडे झाले, त्यांत या माणसाचा वाटा फार मोठा आहे. त्याचे नाव जॉन विल्क्स.

पुढाऱ्यांच्या खाजगी आयुष्याविषयी आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, जो घरात नीट वागत नाही, त्याने देशाच्या गोष्टी बोलूच नयेत. दुसरे म्हणते, माणूस कर्तबगार आहे ना, मग तो रात्री कुठे जातो याची उठाठेव आपल्याला कशाला? दोन्ही मते सोयीची आहेत. विरोधकाविषयी बोलताना आपण पहिले मत वापरतो आणि आपल्या पक्षाच्या माणसाविषयी बोलताना दुसरे! विल्क्सची हकीगत ऐकल्यावर ही दोन्ही मते थोडी अपुरी वाटू लागतील, अशी माझी अपेक्षा आहे.

विल्क्स १७२५ साली लंडनमध्ये जन्मला. बाप मद्य गाळण्याचा धंदा करणारा सुखवस्तू गृहस्थ. त्याने मुलाला हॉलंडातील लायडन विद्यापीठात पाठविले. तेथे मुलगा शिकला आणि मजाही केली. रूपाने तो अगदीच सामान्य. डोळे तिरळे, जबडा पुढे आलेला. परंतु बोलणे असे की, माझा चेहरा विसरायला लावण्यास मला अर्धा तास पुरतो, असे तो स्वतःच म्हणे. १७४७ साली, एकविसाव्या वर्षी, त्याने आपल्याहून सुमारे दहा वर्षांनी मोठ्या, श्रीमंत आणि धर्मशील अशा मेरी मीड या बाईशी लग्न केले. लग्न पैशासाठी होते हे उघड होते. त्यातून त्याला एक मुलगी झाली. तिचे नाव पॉली. या मुलीवर मात्र त्याने मरेपर्यंत जीव टाकला. बाकी संसार दहा वर्षांच्या आत मोडला.

हातात पैसा आला तसे राजकारण आले. १७५४ साली बेरिक येथून तो उभा राहिला आणि पडला. विरोधकाचे मतदार लंडनहून जहाजाने येत होते. विल्क्सने कप्तानाला पैसे चारून त्यांना नॉर्वेच्या किनाऱ्यावर उतरविले, असे सांगतात. १७५७ साली एल्सबरी येथून तो निवडून आला, तेव्हा त्याने सुमारे सात हजार पौंड उधळले. आता हेही लक्षात ठेवा की हा त्या काळचा रिवाजच होता. मत ही विकायची वस्तू आणि पार्लमेंटातील जागा ही विकत घ्यायची वस्तू, असे सर्वच मानीत.

याच काळात तो एका विलक्षण मंडळात शिरला. थेम्स नदीच्या काठी मेडमेनहॅम येथे एक पडका मठ होता. सर फ्रान्सिस डॅशवुड नावाच्या उमरावाने तो डागडुजी करून घेतला आणि दारावर फ्रेंच भाषेत अक्षरे कोरली. त्यांचा अर्थ, तुला हवे ते कर! तेथे ही उमराव मंडळी जोग्यांची वस्त्रे घालून जमत, मद्य पीत, धर्मविधींची टवाळी करीत आणि लंडनहून आणलेल्या बायकांसह रात्री घालवीत. विल्क्सने एकदा एका माकडाला सैतानाचा वेष चढवून पेटीत दडवून ठेवले आणि ऐन पूजेच्या वेळी सोडले. ते उडी मारून लॉर्ड सँडविच याच्या खांद्यावर बसले आणि लॉर्डसाहेब भयाने क्षमायाचना करू लागले, अशी आख्यायिका आहे. हॉटेलात आपण ज्या खाद्यपदार्थाचे नाव घेतो तो याच सँडविचच्या नावाचा. जुगाराच्या टेबलावरून उठावे लागू नये म्हणून त्याने पावाच्या दोन तुकड्यांत मांस घालून मागविले, असे म्हणतात.

हे दोन सोबती आपण ध्यानात ठेवावेत. डॅशवुड १७६२ साली इंग्लंडचा अर्थमंत्री झाला. पाच आकडी हिशेबही त्याला समजत नाही, असा विनोद लोक करीत. सँडविच १७६३ साली मंत्री झाला. मेडमेनहॅमच्या रात्री त्यांच्या आड आल्या नाहीत. त्या फक्त विल्क्सच्या आड आल्या. का आल्या, हेच खरे आजचे व्याख्यान आहे.

१७६२ साली विल्क्सने ‘नॉर्थ ब्रिटन’ हे साप्ताहिक काढले आणि राजाचा लाडका मंत्री लॉर्ड ब्यूट याच्यावर आठवड्यामागून आठवडा तोफ डागली. २३ एप्रिल १७६३ रोजी पंचेचाळिसावा अंक निघाला. फ्रान्सशी झालेल्या तहाची राजाच्या भाषणात जी स्तुती होती, तीवर त्यात कडक टीका होती. तिसरा जॉर्ज संतापला. (त्याच वर्षी ऑगस्टात आमच्याकडे माधवराव पेशव्यांनी राक्षसभुवनास निजामाचा पराभव केला, म्हणजे काळ कोणता ते लक्षात येईल.) मंत्री हॅलिफॅक्स याने जे वॉरंट काढले, त्यात कोणाचे नावच नव्हते. या अंकाचे लेखक, मुद्रक, प्रकाशक जे कोणी असतील त्यांना पकडा, एवढेच! असल्या कागदाच्या जोरावर एकोणपन्नास माणसे पकडली गेली. छपाईच्या कामावरची पोरेसुद्धा त्यांत होती. विल्क्सच्या घरात शिपाई शिरले, खणांची कुलपे फोडली आणि कागद पोत्यात भरून नेले.

विल्क्सला टॉवरच्या तुरुंगात टाकले. कोर्टापुढे उभा राहिल्यावर त्याने मोठी शहाणपणाची गोष्ट केली. तो म्हणाला, हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही आणि उमरावांचाही नाही. मध्यम आणि त्याखालच्या स्थितीतील ज्या माणसांना संरक्षणाची सर्वांत अधिक गरज असते, त्यांच्या स्वातंत्र्याचा हा प्रश्न आहे. तो पार्लमेंटचा सभासद असल्याने न्यायाधीश प्रॅट यांनी त्याला सोडले. डिसेंबरात ज्युरीने त्याला एक हजार पौंड नुकसानभरपाई दिली. पुढे १७६९ साली खुद्द हॅलिफॅक्सकडून चार हजार पौंड मिळाले. तुमच्या-आमच्या घराची झडती घ्यायची तर कोणाची आणि कशासाठी ते लिहून आणा, हे तत्त्व या खटल्यांतून पक्के झाले आणि पुढे ते अमेरिकेच्या घटनेतही गेले.

आता सरकारची पंचाईत झाली. कायद्यात माणूस सापडत नाही, लोक त्याला डोक्यावर घेतात. मग करायचे काय? अशा वेळी सत्ताधारी जे करतात तेच त्यांनी केले. त्यांनी त्याची रात्र चव्हाट्यावर आणली.

विल्क्सच्या घरी एक खाजगी छापखाना होता. पोप या कवीच्या एका गंभीर काव्याचे अश्लील विडंबन तेथे छापले जात होते. त्यातला बराचसा भाग पॉटर नावाच्या त्याच्या मित्राचा असावा, असे मानतात. मित्रांपुरत्या बारा-तेरा प्रती काढायच्या, एवढाच बेत होता. एकही प्रत विकलेली नव्हती. सरकारच्या माणसांनी छापखान्यातील एका कामगाराला पैसे चारून ते कागद मिळविले. १५ नोव्हेंबर १७६३ रोजी लॉर्डांच्या सभेत ते काव्य मोठ्याने वाचण्यास मंत्री उभा राहिला. मंत्री कोण? लॉर्ड सँडविच! मेडमेनहॅमचा सोबती! एका सज्जन लॉर्डाने हे वाचन थांबविण्याची विनंती केली, तेव्हा बाकीचे ओरडले, चालू द्या, चालू द्या! डॅशवुड तेव्हा लॉर्ड झाला होता. सैतानाला पापाविरुद्ध प्रवचन करताना आपण आज प्रथमच ऐकतो आहोत, असे तो बोलून गेला.

सज्जनहो, या प्रसंगाचा नीट विचार करा. ते काव्य गलिच्छ होते, यात शंका नाही. विल्क्सचे वर्तन शुद्ध होते असेही कोणी म्हणणार नाही. परंतु बारा माणसांच्या कपाटात राहिले असते ते घाणेरडे काव्य देशभर गाजविले कोणी? नीतीच्या रक्षकांनी! आणि कोणत्या हेतूने? पंचेचाळिसाव्या अंकाला त्यांच्याजवळ उत्तर नव्हते म्हणून. लंडनचे लोक मात्र हुशार निघाले. त्या दिवसांत ‘बेगर्स ऑपेरा’ हे नाटक चालू होते. त्यात जेमी ट्विचर नावाचा चोर आपल्या सोबत्याचे नाव सांगून त्याला फासावर चढवतो. प्रेक्षकांनी ते नाव सँडविचला चिकटविले आणि ते त्याला जन्मभर पुरले.

या दोघांचा एक संवाद प्रसिद्ध आहे. सँडविच म्हणाला, विल्क्स, तू एक तर फासावर मरशील, नाही तर गरमीने. विल्क्स म्हणाला, लॉर्डसाहेब, मी आपली तत्त्वे जवळ करतो की आपले अंगवस्त्र, यावर ते अवलंबून आहे! हे उत्तर वास्तविक दुसऱ्याच एका विनोदी नटाचे होते असेही काही अभ्यासक म्हणतात. पण लोकांनी ते विल्क्सच्या पदरात घातले, ते उगीच नाही.

दुसऱ्याच दिवशी द्वंद्वयुद्धात विल्क्सच्या पोटात गोळी लागली. बरा होताच तो पॅरिसला पळाला. मागे कॉमन्स सभेने त्याला काढून टाकले, कोर्टाने दोषी ठरविले आणि हजर झाला नाही म्हणून तो कायद्याबाहेरचा ठरला. परदेशात तो काय करीत होता? पश्चात्ताप? छे! कोराडिनी नावाच्या इटालियन नर्तकीच्या मागे पैसे उडवीत होता. चार वर्षांत सावकारांनी जीव नकोसा केला, तेव्हा १७६८ साली तो इंग्लंडला परतला आणि मार्चमध्ये मिडलसेक्स परगण्यातून उभा राहिला. विल्क्सला १२९२ मते पडली. त्याच्या खालच्या उमेदवाराला ८२७. लंडनमध्ये दारोदार खडूने ४५ हा आकडा लिहिला गेला. ऑस्ट्रियाच्या वकिलाला गाडीतून ओढून लोकांनी त्याच्या जोड्यांच्या तळव्यांवर तो आकडा रंगविला!

विल्क्स स्वतः होऊन तुरुंगात गेला. १० मे रोजी तुरुंगापुढे जमलेल्या लोकांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि माणसे मेली. त्याला एकूण बावीस महिन्यांची शिक्षा आणि एक हजार पौंड दंड झाला. हेही एक वेळ ठीक. शिक्षा कोर्टाने दिली होती आणि ती त्याने भोगली. परंतु फेब्रुवारी १७६९ मध्ये कॉमन्स सभेने त्याला पुन्हा काढून टाकले. मतदारांनी त्याच महिन्यात त्याला परत निवडले. सभा म्हणाली, हा मनुष्य निवडून येण्यास अपात्र आहे. मार्चमध्ये मतदारांनी त्याला तिसऱ्यांदा निवडले. एप्रिलमध्ये सरकारने कर्नल लट्रेल याला उभे केले. विल्क्सला ११४३ मते, लट्रेलला २९६. आणि सभेने ठराव केला की निवडून आला तो लट्रेल!

येथे विल्क्सच्या व्यसनांचा प्रश्न मागे पडला आणि दुसरा प्रश्न पुढे आला. अकराशे त्रेचाळीस माणसांनी एका माणसाचे नाव घेतले. त्यांना तो कसा आहे हे ठाऊक नव्हते काय? सँडविचच्या कृपेने ते साऱ्या देशाला ठाऊक होते. ठाऊक असूनही त्यांनी त्याला निवडले. मग तुमच्या प्रतिनिधीची लायकी ठरविणार कोण? तुम्ही, की ज्यांच्यावर त्याने टीका केली ते? विल्क्स वाईट म्हणून आज जागा लट्रेलला दिली, तर उद्या चांगल्या माणसालाही वाईट ठरवून हाकलण्याची वाट मोकळी होते. हे ओळखून विल्क्सला पंगतीला बसविण्यास जे तयार झाले नसते, असे कित्येक सभ्य लोक त्याच्या बाजूस उभे राहिले. त्याची कर्जे फेडण्यास मंडळ स्थापन झाले. समुद्रापलीकडे साऊथ कॅरोलिनाच्या विधिसभेने दीड हजार पौंड मंजूर केले.

सुटल्यावर तो लंडन शहराचा आल्डरमन म्हणून काम करू लागला. १७७१ साली पार्लमेंटातील भाषणे छापणाऱ्या मुद्रकांना पकडण्याचा हुकूम सुटला, तेव्हा विल्क्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मुद्रकांना शहराच्या अधिकाराखाली आसरा दिला. दोन सहकारी टॉवरमध्ये गेले. विल्क्सला मात्र हात लावण्याचे धैर्य सभेला झाले नाही. त्यानंतर वर्तमानपत्रांतून भाषणांचे वृत्तांत येऊ लागले, ते थांबले नाहीत. १७७४ साली, म्हणजे पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला त्या वर्षी, तो लंडनचा लॉर्ड मेयर झाला आणि मिडलसेक्सचा सभासद म्हणून विनाहरकत पार्लमेंटात बसला. मार्च १७७६ मध्ये त्याने मताधिकार वाढविण्याची सूचना मांडली. सभेने ती हसण्यावारी नेली. ३ मे १७८२ रोजी सभेने आपला १७६९ सालचा अपात्रतेचा ठराव स्वतःच्या दप्तरातून खोडून टाकला.

येथे थांबलो तर व्याख्यान गोड होईल. पण मग मीही विल्क्सचा भाट ठरेन. आता त्याच्या दुसऱ्या बाजूचा हिशेब मांडला पाहिजे.

बेकायदा अटकेतून माणसाला सोडविणारा इंग्रजी कायद्यातील प्रसिद्ध अर्ज म्हणजे हेबियस कॉर्पस. पुढे विल्क्सचे नाव ज्या स्वातंत्र्याशी जोडले गेले त्याचे ते मुख्य शस्त्र. हेच शस्त्र १७५८ साली विल्क्सने आपल्या विभक्त पत्नीवर उगारले होते! करार करून ती वेगळी राहत होती. वर्षाला तिला जे दोनशे पौंड मिळत त्यांवरही याचा डोळा होता. तिला आपल्या ताब्यात आणावे म्हणून त्याने अर्ज केला. न्यायाधीश मॅन्सफील्ड यांनी तो फेटाळला. ही स्त्री स्वतंत्र आहे, तिला वाटेल तेथे ती जाऊ शकते, असा निकाल दिला. साऱ्या इंग्लंडच्या स्वातंत्र्यासाठी लढणारा हा गृहस्थ घरातल्या एका माणसाचे स्वातंत्र्य हिरावायला कोर्टात गेला होता! आणि दुसरी गोष्ट याहून जवळची. एल्सबरीला अनाथ मुलांच्या संस्थेच्या शाखेचा तो खजिनदार होता. तो पळाला तेव्हा त्या पैशांचा हिशेब जुळेना.

म्हणून मला वाटते की ‘खाजगी आयुष्य’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. त्यात निरनिराळ्या तीन गोष्टी एकत्र बांधल्या जातात. विल्क्स मद्य प्याला, अश्लील काव्य मित्रांत वाचले, माकडाला वेष चढविला. यात त्याने नुकसान केले ते मुख्यतः स्वतःचे. पत्नीला छळले ते दुसऱ्या माणसाचे नुकसान, आणि तिथे दाद मागायला कोर्ट हवे. ते होते आणि त्याने न्याय दिला. अनाथांच्या पैशाचा घोळ ही तर खाजगी गोष्टच नव्हे. चार लोकांनी विश्वासाने ठेवलेल्या पैशाला हात लागला की तिथे खाजगीपण संपले. गंमत अशी की सँडविचने भर सभेत वाचले ते काव्य. अनाथांचा हिशेब वाचला नाही. व्यसनांचा बोभाटा करणाऱ्यांना हिशेबात फारसा रस नसतो, कारण हिशेब वाचायची सवय लागली की तो सर्वांचाच वाचावा लागतो!

म्हातारपणी विल्क्सने एक गोष्ट मात्र नीट केली. १७७९ सालापासून मरेपर्यंत तो लंडन शहराचा खजिनदार होता आणि ते काम त्याने चोख केले. स्वतःचा हिशेब त्याला कधीच जमला नाही. १७९७ साली नाताळच्या दुसऱ्या दिवशी तो वारला, तेव्हा मृत्युपत्रात लोकांना देणग्या पुष्कळ होत्या आणि तिजोरीत पैसा नव्हता. थडग्यावर त्याने लिहवून घेतले ते एवढेच, की येथे स्वातंत्र्याचा एक मित्र निजला आहे.

आता शेवटची गोष्ट, आणि ती आपल्या जवळची आहे. विल्क्सनंतर शंभर वर्षांनी, १८८० साली, नॉर्दॅम्प्टनच्या मतदारांनी चार्ल्स ब्रॅडलॉ याला निवडले. हा उघड नास्तिक. ईश्वराची शपथ घेण्याऐवजी साधी प्रतिज्ञा करू द्या, असे त्याने मागितले. त्याच्यावर अनीतीचाही आरोप होता. कारण संततिनियमनाची एक पुस्तिका छापली म्हणून १८७७ साली त्याच्यावर आणि ॲनी बेझंटबाईंवर अश्लीलतेचा खटला झाला होता. सभेने त्याला बसू दिले नाही. मतदारांनी १८८१, १८८२ आणि १८८४ साली त्याला पुन्हा पुन्हा निवडले. सभा त्याला अडवीत राहिली. पण एक गोष्ट करण्यास ती धजली नाही. त्याच्या जागी पराभूत उमेदवाराला बसवावे, असे कोणी केले नाही. लट्रेलचा धडा सभा विसरली नव्हती. १८८६ साली ब्रॅडलॉ शपथ घेऊन सभेत बसला.

आणि बसून त्याने कोणाचे काम केले? आपले! हिंदुस्थानचे प्रश्न त्याने तेथे इतक्या वेळा मांडले की त्याला लोक हिंदुस्थानचा सभासद म्हणू लागले. १८८९ साली मुंबईस वेडरबर्न यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली, तेव्हा आजारातून नुकताच उठलेला ब्रॅडलॉ सातासमुद्रांपलीकडून आला. त्या काँग्रेसला प्रतिनिधीही बरोबर १८८९ होते. जानेवारी १८९१ मध्ये तो मरणशय्येवर असताना सभेने त्याच्याविरुद्धचा जुना ठराव दप्तरातून खोडला. विल्क्सच्या वेळी खोडला होता तसाच.

रंगेल विल्क्सने ज्या हक्कासाठी भांडण केले, त्याचा उपयोग एका निष्ठावंत माणसाला झाला आणि त्या माणसाचा उपयोग आपल्याला झाला. हक्क हे सद्वर्तनाचे बक्षीस असते, तर विल्क्सबरोबरच ते बुडाले असते आणि मग ब्रॅडलॉला मागायला काही उरले नसते.

म्हणून एखाद्या पुढाऱ्याची रात्रीची भानगड तुमच्यापुढे येईल तेव्हा ती अवश्य ऐका. कान झाकून घ्या असे मी म्हणत नाही. पण ऐकताना तीन प्रश्न विचारा. हे वाचून दाखवणारा कोण आहे, आणि तो आजच का वाचतो आहे? यात कोणाचे नुकसान झाले आहे, आणि त्याला दाद मिळाली काय? आणि तिसरा, लोकांच्या पैशाचा हिशेब कुठे आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळवून मग त्या माणसाला मत द्या किंवा देऊ नका. तो अधिकार तुमचा आहे. तो सँडविचच्या हाती देऊ नका आणि विल्क्सच्या पायावरही वाहू नका.